चित्रांच्या जत्रेची वाट पाहताना

नोव्हेंबर महिना बेळगावात दोन तोंडांनी उगवतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून या तारखेस गावाच्या एका अंगास राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका लागतात, तर दुसऱ्या अंगास मराठी माणसे काळा दिवस पाळतात. ज्याच्या त्याच्या घरी त्या दिवसाचा अर्थ निराळा. आमच्यासारख्यांच्या घरी, जेथे स्वयंपाकघरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कानडी अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, तेथे त्या दिवशी नेमके कोणत्या भाषेत गप्प बसावे, हाच प्रश्न पडतो.

हा दिवस एकदाचा सरला की आम्ही पुढचे दिवस मोजू लागतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीस भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. २००४ सालापासून तो गोव्यात स्थिरावला आहे, आणि बेळगावकरांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली; कारण जांबोटी, कणकुंबी ओलांडून चोर्ला घाट उतरला की सुमारे शंभर किलोमीटरांवर पणजी. ‘आम्ही’ म्हणजे चार-सहा मंडळी. दोघे सेवानिवृत्त शिक्षक, एक बँकेतले गृहस्थ, एक औषधांचे दुकानदार आणि निपाणीहून येऊन मिळणाऱ्या दोन भगिनी. दिवाळीचा फराळ संपत आला की यांच्यांत निरोपांची ये-जा सुरू होते. प्रतिनिधी म्हणून नाव कोणी नोंदवायचे, उतरायचे कोठे, कोणत्या दिवशी कोणता चित्रपट टाळता येणार नाही, आणि परतीच्या वाटेवर मंगेशीस जायचे की कवळ्यास शांतादुर्गेच्या दर्शनास, या सर्व प्रश्नांचा खल होतो. कुलदेवता आणि चित्रपट एकाच फेरीत साधण्याचा हा योग आम्हांस तरी विसंगत वाटत नाही. दोन्ही ठिकाणी रांगेत उभे राहावे लागते, आणि दोन्ही ठिकाणी शेजारी उभा असलेला मनुष्य कोठला, हे कोणी विचारीत नाही.

देवळाच्या व्यवस्थेत असलेले एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. आम्ही सारे त्यांना ‘माम’ म्हणतो. गेल्या वर्षी आमची निघण्याची धांदल पाहून त्यांनी विचारले, “सिनेमा पळोवंक इतले पयस वतात?” आणि पुढे मराठीत म्हणाले, “अहो, आता तर तो मोबाइलवर घरबसल्या दिसतो म्हणतात.” प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना उलट विचारले, “माम, कीर्तनही रेडिओवर ऐकू येत होते, मग तुम्ही देवळात का येत होतात?” त्यावर ते हसले आणि म्हणाले, “तिथे मान डोलवायला शेजारी कोणीतरी लागतो.”

याहून अधिक नेमके उत्तर आम्हांलाही देता आले नसते. आमच्या बालपणी देवळाच्या प्रांगणात दशावतारी काला होई. गॅसबत्तीच्या उजेडात रात्र रात्र तो पाहिलेली माणसे अजून आहेत. संकासुर आला की मुले आईच्या पदराआड लपत, आणि पहाटे दहीहंडी फुटली की सगळा गाव एकाच वेळी जागा असे. पाहणे हे तेव्हा एकट्याचे काम नव्हते. पुढे ग्लोब, चित्रा, प्रकाश अशा चित्रपटगृहांच्या अंधारातही तीच सवय थोडीफार टिकली. हातातल्या पडद्याने मात्र ती मोडत आणली आहे. चित्रपट पूर्वीपेक्षा अधिक पाहिले जातात. पाहणारा मात्र खोलीत एकटा असतो.

परंतु आम्ही जातो ते केवळ मेळ्याच्या हौसेने नव्हे. तेथे जे चित्रपट लागतात त्यांतील पुष्कळसे एरवी आमच्या गावी येतच नाहीत. महोत्सव सरकारी असला, तरी हे चित्रपट बहुधा स्वतंत्र वृत्तीच्या माणसांनी केलेले असतात. ‘स्वतंत्र चित्रपट’ म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्यास अवघड नाही. मोठ्या पेढीच्या आज्ञेने आणि नटाच्या नावावर जो निघत नाही, ज्याचे भांडवल उसनवारीने, मित्रांच्या मदतीने वा वर्गणीने उभे राहते, आणि ज्याच्या कर्त्यास काही सांगायचे आहे म्हणून जो निघतो, तो स्वतंत्र चित्रपट. आपल्या देवळांचे उत्सव शतकानुशतके असेच चालले आहेत. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ या १९७६ सालच्या चित्रपटासाठी गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. २००४ सालच्या ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळाले आणि त्याची निवड ऑस्करसाठी झाली, तेव्हा त्या प्रवासखर्चासाठी महाराष्ट्रात सर्वसामान्य लोकांनी यथाशक्ति पैसे दिले. कानडीत २०१३ साली आलेला ‘लूसिया’ प्रेक्षकांनीच भांडवल पुरवून पडद्यावर आणला. दोन रुपयांची पावती फाडणारा शेतकरी आणि पालखीच्या खर्चास हातभार लावणारा गावकरी यांच्यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही.

या परंपरेचा उगम आमच्या शेजारीच आहे, याचा मात्र आम्हांस विसर पडतो. निपाणीहून कोल्हापूर अवघ्या चाळीसेक किलोमीटरांवर. तेथे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रीकरणाचे यंत्र स्वतःच्या हातांनी जुळविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि त्या धाडसाला पैशाचे पाठबळ दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना जे कागल लागते, त्याचेच नाव या बाईंच्या नावाला जोडलेले आहे. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. १९२५ साली ‘सावकारी पाश’ आला. देवादिकांच्या कथांवर पडदा पोसला जात असता, कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची कथा सांगणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ स्थापन केली, आणि पुण्यास गेल्यावर त्या संस्थेने काढलेला ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. देहूच्या वाण्याचे अभंग इटलीतल्या प्रेक्षागृहात ऐकू आले, तेव्हा आपल्याकडे चित्रपट महोत्सव हा शब्दही रूढ झाला नव्हता.

आपल्या देशात पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तो १९५२ च्या जानेवारीत मुंबईस. ‘बायसिकल थीव्ज’ आणि ‘राशोमोन’ हे चित्रपट भारतातल्या रसिकांनी तेथे पाहिले. सायकल हरवलेल्या एका गरीब बापाची ती इटालियन कथा पाहून बिमल रॉय इतके हलले की पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बीघा ज़मीन’ आला, असे सांगतात. महोत्सवाचा खरा उपयोग हाच. एका गावची व्यथा दुसऱ्या गावास आपली वाटते, आणि मग त्यास स्वतःची व्यथा सांगण्याचे धैर्य येते. आज कोल्हापुरात बाबूरावांच्याच नावाची फिल्म सोसायटी आपला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरविते. आमच्या निपाणीच्या भगिनींना पणजीपेक्षा तो जवळ पडतो.

पडद्याखाली उमटणाऱ्या भाषांतराच्या ओळी हा महोत्सवातील आमच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे. ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर असावी यावरून दगड उचलले गेले आहेत, त्या गावच्या माणसांना त्या ओळींचे मोल अधिक कळते. ‘पलतडचो मनिस’ हा लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा कोकणी चित्रपट २००९ साली टोरोंटोस गेला आणि तेथे चित्रपट-समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघाचे पारितोषिक घेऊन परतला. महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. रानात एकटा राहणारा एक वनरक्षक, आणि गावाने टाकून दिलेली एक वेडसर स्त्री. तो तिला आसरा देतो आणि सारा गाव त्याच्यावर उलटतो. ‘पलतड’ म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. चोर्ल्याच्या रानातून जाताना आम्हांस हा शब्द हटकून आठवतो. सीमेवर राहणारा प्रत्येक मनुष्य कोणाच्या तरी दृष्टीने पलतडीचा असतोच.

या पलतडींवर सहज ये-जा करणारी माणसेही आपल्यांतच होऊन गेली. गिरीश कर्नाड १९३८ साली माथेरानास जन्मले. घरची भाषा कोकणी, आरंभीचे शिक्षण मराठीत, लेखन कानडीत. १९७० च्या ‘संस्कार’ या कानडी चित्रपटात प्राणेशाचार्य तेच, आणि १९८२ च्या ‘उंबरठा’त स्मिता पाटील यांच्या पतीच्या भूमिकेतही तेच. त्यांना अमुक एका भाषेचे म्हणून कोंडून ठेवणे कोणासच जमले नाही. आमच्या प्रांताला चित्रपटांची जत्रा हवी आहे ती अशासाठी, की तेथे कानडी कथा पाहून मराठी माणूस रडतो आणि मराठी कथा पाहून कानडी माणूस, आणि दिवे लागल्यावर दोघेही डोळे पुसत एकाच चहाच्या टपरीवर येतात.

गेल्या काही वर्षांत मराठीत असे चित्रपट पुष्कळ झाले. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला पारितोषिकास पात्र ठरला. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाचे चित्र असे काही रेखाटले आहे, की ज्यांनी आयुष्यभर पोहे खात मुली पाहिल्या त्यांना ते पोहे घशाखाली उतरणे कठीण व्हावे. २०२५ साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. वडील गेल्यावर दहा दिवसांचे सुतक पाळण्यास गावी आलेला मुलगा, त्याचे लग्न का होत नाही म्हणून नातेवाइकांचे टोचणारे प्रश्न, आणि बालमित्राविषयी त्याच्या मनात असलेले प्रेम, असा त्याचा विषय. सुतकाचे नेमधर्म ज्या बारकाईने पाळले जातात त्याच बारकाईने माणसाचे दुःखही पाहिले जावे, एवढीच त्या कथेची मागणी आहे. हे विषय देवळाच्या कट्ट्यावर काढणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु अंधारात शेजारी शेजारी बसून जे पाहता येते, ते उजेडात समोरासमोर बसून नेहमीच बोलता येते असे नाही.

इतके सांगून झाल्यावर आमच्या मनातली खरी गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही ज्या चित्रपटाची सर्वांत अधिक वाट पाहत आहो, तो नवा नाही, आणि तो पंचवीसच मिनिटांचा आहे. त्याचे नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. १९८० साली बंगळुरात ‘युगांतर’ या नावाने काही स्त्रिया एकत्र आल्या. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव या त्यांपैकी होत, आणि छायाचित्रणासाठी त्यांच्या सोबत नवरोज कॉन्ट्रॅक्टर होते. पुण्याच्या घरकामगार स्त्रियांवर ‘मोलकरीण’ हा चित्रपट केल्यानंतर ही मंडळी निपाणीस आली. तेथील तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांबरोबर त्यांनी चार महिने काढले, त्यांचे बोलणे ऐकले, काय दाखवायचे हे त्यांच्याच विचाराने ठरविले, आणि १९८२ साली हा चित्रपट पुरा केला. तंबाखूची धूळ, अपुरी मजुरी, मालकाचा धाक आणि त्यावर उतारा म्हणून बायकांनी उभी केलेली संघटना, हा त्याचा विषय. ते दिवसही तसेच होते. १९८१ च्या मार्च-एप्रिलात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले होते, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. रस्त्यावर पुरुष बसले होते त्याची हकीकत वृत्तपत्रांनी छापली. वखारीच्या आत बसलेल्या बायकांची हकीकत या लहानशा चित्रपटाने राखून ठेवली.

पुढे त्याच्या प्रती जुन्या झाल्या. अलीकडे बर्लिन येथील ‘आर्सेनल’ या संस्थेने ‘युगांतर’चे चित्रपट जतन करून त्यांना नवे रूप दिले, आणि देशोदेशींच्या रसिकांना ते पुन्हा पाहता आले. निपाणीच्या बायकांची हकीकत बर्लिनमध्ये सुरक्षित आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो आणि थोडी टोचणीही लागते. आमच्या दोन भगिनींपैकी एकीची आई वखारीत कामास जाई. आईच्या लुगड्याला येणारा तंबाखूचा उग्र वास, रात्री जेवताना लागणारा तिचा ठसका आणि दिव्याशी बसून तिने मोजलेली नाणी एवढेच तिच्या आठवणीत आहे. वखारीच्या दाराच्या आत ती कधी गेली नव्हती. “मला तो सिनेमा बघायचाय तो आईसाठी नव्हे,” ती आम्हांस म्हणाली, “आई दिसणारही नाही कदाचित त्यात. पण ती बसायची ती जागा दिसेल.”

हे वाक्य ऐकल्यापासून आमच्या प्रतीक्षेची दिशाच बदलली आहे. घाट उतरून आपण चित्रपटांकडे जावे, यात आनंद आहेच. परंतु चित्रपटांनी घाट चढून आपल्याकडे यावे, असे आता वाटू लागले आहे. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा संघ स्थापन झाला, तेव्हापासून देशातल्या कितीतरी लहान गावांनी आपापली मंडळे काढली, महिन्यास एक चित्रपट आणला आणि प्रेक्षक घडविला. बेळगाव-निपाणीस ते अशक्य का व्हावे? चित्रपटाच्या धन्याची रीतसर परवानगी, एक चांगला पडदा, प्रक्षेपक आणि स्वच्छ ऐकू येईल असा ध्वनी, एवढे जमले की जत्रा उभी राहते. तीन दिवस, तीन भाषा. कोकणीतून ‘पलतडचो मनिस’, मराठीतून निपाणीचा चित्रपट, आणि कानडीतून गिरीश कासरवळ्ळी यांचा ‘घटश्राद्ध’.

या तिसऱ्या नावावर आमच्यांतच दुमत झाले. १९७७ सालच्या या चित्रपटात वेदपाठशाळेच्या आचार्यांची तरुण विधवा कन्या गरोदर राहते, आणि बाप जिवंत लेकीचे श्राद्ध घालून तिला घरातून व जातीतून बाहेर काढतो. हे सारे पाठशाळेतल्या एका लहान मुलाच्या डोळ्यांनी आपण पाहतो. त्यास त्या वर्षीचे सुवर्णकमळ मिळाले. २०२४ साली त्याची जीर्णोद्धार केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखविली गेली. आमचे औषधांचे दुकानदार म्हणाले, देवळाच्या सभागृहात हे दाखवणे बरे दिसेल काय? सेवानिवृत्त शिक्षकांपैकी एक म्हणाले, बहिष्काराचे शस्त्र आपल्या समाजानेही वापरलेले आहे. दाखवायचे तर तेथेच दाखवावे. निर्णय होईना, म्हणून आम्ही सारे मामांकडे गेलो.

मामांनी तिन्ही कथा शांतपणे ऐकून घेतल्या. ‘घटश्राद्ध’ची कथा संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्या आत्याचे नाव आमच्या घरी कोणी घेत नसे. का, ते मी विचारले नाही.” एवढेच. त्यानंतर त्यांनी पंचांग काढले आणि चष्मा पुसत म्हणाले, “पौषात लग्ने नसतात. सभागृह रिकामेच पडलेले असते. समितीपुढे मी विषय ठेवतो. हो म्हणतील की नाही, ते सांगवत नाही. पण निपाणीच्या बायका येणार असतील तर त्यांची जेवणाची सोय आपल्याकडे. आणि त्यांना मागे बसवायचे नाही.”

समितीची बैठक व्हायची आहे. तेथे काय ठरेल ते आज आम्ही सांगू शकत नाही. नकार आला तर एखाद्या शाळेचे दालन शोधू. तेही न मिळाले तर कोणाच्या तरी अंगणात पांढरी चादर बांधू. वर्गणीची वही मात्र घातली आहे. पहिले नाव मामांचे आहे, दुसरे एका कानडी मास्तरांचे, आणि तिसरे निपाणीच्या आमच्या त्या भगिनीचे. तिने आपल्या नावापुढे रक्कम लिहिली आणि कंसात ‘आईची’ असा शब्द घातला.

पणजीस आम्ही याही वर्षी जाऊच. पण पाहताना आता एक डोळा पडद्यावर राहील आणि दुसरा हिशेबावर. यातले आपल्याकडे काय आणता येईल, पहिल्या संध्याकाळी काय लावावे, कानडी ओळी कोण लिहील आणि मराठी कोण. दहा जण आले तरी चालेल. सतरंज्या आहेत, देवळाचा चहाचा बंब आहे, आणि पौषातल्या रात्री लांब असतात.